खाऱ्या पाण्याने धुतलेली गाडी

काल सकाळी भाऊंनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, चहाचा पहिला घोट घेतला आणि कप खाली ठेवला. मग मी घेतला, मीही ठेवला. आई ओट्याशी उभ्या होत्या. त्यांनी दोघांकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "फिरली वाटतं."

फिरली म्हणजे विहीर. आमच्या आगाशीच्या वाडीत दर उन्हाळ्यात हे होतं. पावसाने भरलेलं गोड पाणी केळीला, मोगऱ्याला, पानवेलीला देऊन देऊन तळाला जातं आणि मग खालून समुद्र आत शिरतो. एका दिवसात होत नाही म्हणे ते, हळूहळू होतं. पण आपल्याला कळतं ते एका दिवशी, चहातच. पूर्वी वाडीच्या टोकाला बावखल होतं, म्हणजे गोड्या पाण्याचं तळं. ते भरलेलं असलं की विहीर वैशाखातसुद्धा टिकायची, असं भाऊ सांगतात. शेजारच्यांनी त्यांच्या बाजूचं बावखल बुजवून इमारत उभी केली, आमच्या बाजूला राहिलं ते डबकं. भाऊ हे सांगतात तेव्हा मी ऐकते, कारण त्यांना ते दरवर्षी सांगायचं असतं.

मी मूळची ह्या वाडीतली नाही. नालासोपाऱ्याच्या चौथ्या मजल्यावर वाढले. पाणी नळातून येतं किंवा येत नाही, एवढंच ज्ञान. लग्न होऊन इथे आले तेव्हा घरातलं वाडवळी बोलणं कळायलाच मला वर्ष लागलं. अजूनही भाऊ रागावले की निम्मं डोक्यावरून जातं. इथे त्यांचं बोलणं मी सरळ करूनच लिहिते आहे, नाहीतर चुका काढायला अख्खी आळी येईल.

तर, पाणी खारट झालं की मला तो उन्हाळा आठवतो. हेमंत, माझा नवरा, आदल्या पावसाळ्यात गेला. कारखान्यातून येताना तुंबलेल्या पाण्यातून चालत आला, ताप आला, आणि आठवड्याभरात संपलं. ह्याच्यावर आणखी लिहिण्यासारखं माझ्याकडे काही नाही. लोकांना वाटायचं मी धक्क्यात आहे. बायका येऊन माझा हात धरायच्या, "रडून घे गं, मोकळी हो." मी शहाण्यासारखी मान हलवायची. मला रडू येत नव्हतं आणि रडू येत नाही म्हणून वाईटही वाटत नव्हतं. महिन्याभराने विरारच्या चष्म्याच्या दुकानात परत कामाला जायला लागले. समोर माणूस बसायचा, मी त्याला पाटी दाखवायची, "खालची ओळ वाचा." तो चुकीची अक्षरं वाचायचा. मी काच बदलायची. दिवस जायचा.

घरी मात्र एक वेगळंच सुरू झालं होतं. हेमंत होता तोपर्यंत भाऊंना त्याच्या मोटरसायकलचा राग होता. पाण्याचं जुनं इंजिन भाऊ डोळे मिटून खोलायचे, लावायचे. ही नवीन गाडी त्यांना उघडून बघता यायची नाही. "हिच्या पोटात आहे काय, ते तरी दाखव," ते म्हणायचे. हेमंत म्हणायचा, "कॉम्प्युटर आहे भाऊ, हात नका लावू." आणि भाऊ खरंच हात लावत नसत. हेमंत गेल्यावर त्यांनी ती रोज धुवायला सुरुवात केली. सकाळी केळीला पाणी सोडून झालं की तोच पाइप घेऊन अंगणात यायचे आणि गाडीवर धार धरायचे. चाकं, साखळी, टाकीखाली, सीटखाली, सगळीकडे. मग जुन्या धोतराने पुसायचे. रविवारी तर मी पडवीत बसून बघायची, अर्धा तास चाललेलं असायचं.

आणि संध्याकाळी ती सुरू करायची. हेमंतची यायची वेळ झाली की भाऊ चावी फिरवायचे, बटण दाबायचे, आणि गाडी नुसती उभ्या उभ्या चालू ठेवायचे. त्या गाडीचा आवाज बारीक होता, एकसारखा, शिलाई मशीन चालावं तसा. हेमंत वळणावर असायचा तेव्हाच आईंना स्वयंपाकघरात तो ऐकू यायचा. आता भाऊ तो आवाज काढायचे आणि आत आई ओट्याशी उभ्या राहून ऐकायच्या. हातातलं काम थांबवून. भाऊंनी गाडी बंद केली की त्या परत कांदा चिरायला घ्यायच्या. ह्यावर दोघांनी एकमेकांशी कधी एक शब्द काढला नाही. मला ते विचित्र वाटायला हवं होतं. नाही वाटलं. चालू द्या, म्हटलं.

मग चैत्रात एका संध्याकाळी गाडी सुरू झाली नाही. मीटरवर पिवळा दिवा लागला आणि लागलेलाच राहिला. भाऊंनी बटण दाबलं, परत दाबलं, किक मारून पाहिली. आई दारात आल्या. "काय झालं?"

"काही नाही. थंड झालीय."

"उन्हाळ्यात?" आई म्हणाल्या.

कंपनीच्या सर्व्हिसवाल्यांनी टेम्पोत घालून नेली आणि तशीच आणून सोडली. कॉम्प्युटर गेला, वायरिंगही सगळं गेलं, पार्ट मागवावे लागतील, कधी येतील सांगता येत नाही. तेव्हा भाऊंनी पापडीहून ग्रेगरीला बोलावलं. ग्रेगरी हेमंतचा शाळेपासूनचा मित्र. चर्चच्या मागच्या गल्लीत त्याचं गॅरेज आहे. कामात ठीकठाक, बोलण्यात एक नंबर. त्यात ते ईस्टरच्या आधीचे उपवासाचे दिवस होते आणि त्या दिवसांत तो दारूला शिवत नाही. आल्या आल्या म्हणाला, "वहिनी, आधीच सांगतो, ईस्टरपर्यंत माझा हात थरथरतो आणि डोकं फिरलेलं असतं. गाडी बरी होईल, पण मला कुणी उलटं बोलायचं नाही."

त्याने सीट काढली, बाजूचं झाकण काढलं, आणि वायरी जिथे एकमेकींत खोचतात त्या जागा उघडल्या. आत पितळेवर हिरवं-पांढरं काहीतरी बसलं होतं, बरणीच्या तोंडाशी लोणच्याचं मीठ जमतं तसं. ग्रेगरीने बोट लावून बघितलं, जिभेला लावलं, थुंकला.

"खारं आहे. काय समुद्रात घातलेली काय गाडी?"

त्याने बोट पँटला पुसलं.

"धुता कुठल्या पाण्याने?"

भाऊंनी पाइपाकडे पाहिलं. पाइप केळीच्या बुंध्याशी पडला होता, तोंडातून थेंब थेंब गळत होता. ते पानवेलीकडे बघत म्हणाले, "पानांच्या कडा जळायला लागल्या म्हणून मी तिचं पाणी तोडलं. तिला टँकरचं आणून घातलं. आणि हे पाणी..." उठून विहिरीच्या कठड्यावर जाऊन बसले. ग्रेगरीने माझ्याकडे पाहिलं. मी काय सांगणार? आयुष्य गेलं त्या माणसाचं पाण्याची चव बघण्यात. कुठल्या रोपाला किती मीठ सोसतं हे त्यांना विचारायला अर्नाळ्याहून लोक येतात. गाडी त्यांनी रोप म्हणूनच वाढवली आणि तिलाच नेमकं वाईट पाणी दिलं. वेल सुकते तेव्हा दिसते तरी. गाडी वरून चकाचक होती.

"आता?" मी विचारलं, कारण कुणीतरी विचारायला हवं होतं.

ग्रेगरीने सगळा प्रकार समजावला. त्याला समजावायला फार आवडतं. म्हणे ही गाडी विचार करते. हवा किती, इंजिन किती गरम, त्यावरून पेट्रोल किती फवारायचं ते तिचा कॉम्प्युटर ठरवतो. नवा बसवला तरी ह्या हवेत, ह्या पाण्यात परत हेच. त्यापेक्षा तो सगळा कारभारच काढून टाकू आणि जुन्या गाडीचा कार्ब्युरेटर बसवू. "कार्ब्युरेटर म्हणजे डबी हो, वहिनी. एका बाजूने हवा, खालून पेट्रोल. जेवढं ओढाल तेवढं देते. विचार करत नाही. तिला खारं पाणी, गोडं पाणी, सगळं सारखं." मग आवाज खाली आणून म्हणाला, "कागदावर हे बसत नाही हां. पोलीस, पीयूसी, काय काय आहे. हायवेला न्यायची नाही. इकडे आगाशी-बोळिंजात फिरवा, कोण विचारतो!"

आई अंगणात होत्या. सुकेळ्यांचे दिवस होते. राजेळी केळी सोलून त्यांनी उन्हात मांडून ठेवली होती आणि एकेक उलटत होत्या. केळ्यांवरून नजर न काढता त्यांनी विचारलं, "ग्रेगरी, आवाज तोच राहील?"

ग्रेगरी खोटं बोलला असता तर बरं झालं असतं. पण उपवास होता ना त्याचा. म्हणाला, "नाही, काकी. इंजिन तेच राहील, पण श्वास घ्यायची तऱ्हा बदलणार. आवाज बदलेल."

"मग नको."

"अगं, बंद पडून सडण्यापेक्षा," भाऊ विहिरीवरून म्हणाले.

"सडू दे. बंद आहे तोपर्यंत त्याचा आवाज माझ्या कानात आहे. दुसरा आला की हा जाईल. मला नको दुसरा."

भाऊ काही बोलले. त्यावर आई बोलल्या. दोघंही वाडवळीत आणि भरभर, मला अर्धं कळलं. एवढं कळलं की भाऊंना ती आपल्या हाताने बिघडवलेली गाडी आपल्या डोळ्यांसमोर चालू झालेली बघायची होती, नाहीतर त्यांना झोप नव्हती. आणि आईंना ती बंदच हवी होती. दोघांचंही बरोबर होतं. ग्रेगरी पाना हातात धरून उभा. शेवटी तो म्हणाला, "गाडी नावावर कुणाच्या आहे?"

हेमंतनंतर कागद माझ्या नावावर झाले होते. तिघांनी माझ्याकडे पाहिलं.

"करा," मी म्हटलं.

मला कुणी विचारलं असतं की का, तर सांगता आलं नसतं. मी भाऊंची बाजू घेतली असं आईंना वाटलं. मी कुणाचीच बाजू घेतली नव्हती. दुकानात जायची वेळ झाली होती आणि हे भांडण थांबायला हवं होतं, बस्स. आज लिहिताना हे फार कोरडं वाटतं. तेव्हा मी कोरडीच होते.

त्यानंतर आई माझ्याशी बोलायच्या बंद झाल्या. वाढायच्या, माझा डबा भरायच्या, पण बोलायच्या नाहीत. आणि मला, खरं सांगू, सोपं गेलं ते. न बोलणाऱ्या माणसाजवळ बसायला काही लागत नाही.

ग्रेगरी येऊन जाऊन काम करत राहिला. गुड फ्रायडेला आला नाही, चर्चमध्ये मिस्सा असली की आला नाही, आणि आला की आधी ताक मागायचा. ताकात मीठ घालू नका, पाण्यातच आहे, म्हणायचा. त्याने टाकीतून पेट्रोलचा पंप काढला, इंजेक्टर काढला, कॉम्प्युटरची काळी डबी काढली आणि वायरींचा एवढा मोठा झुबका काढला की मला कळेना ती गाडी आतापर्यंत हलकी कशी चालत होती. सगळं गोणपाटावर मांडून ठेवलं. जाताना म्हणाला, "भंगारात टाकतो." भाऊ म्हणाले, "राहू दे." दुसऱ्या दिवशी दुकानातून आले तर भाऊ पडवीत बसून ते सगळे भाग टँकरच्या गोड्या पाण्याने एकेक करून धूत होते. आता काय उपयोग, असं मी म्हटलं नाही. चप्पल काढली आणि आत गेले.

टाकीला खाली पेट्रोलचा कॉक बसला. हँडलजवळ चोक बसला. पहिल्यांदा सुरू केली तेव्हा कार्ब्युरेटर दुसऱ्याच मापाचा निघाला आणि सायलेन्सरमधून धडाम् करून असा बार उडाला की नारळावरचे कावळे उठले. आतून आई ओरडल्या, "वर्ष व्हायच्या आत फटाके कसले वाजवता रे!" कितीतरी दिवसांत त्यांचं हे पहिलं मोठ्याने बोलणं. ग्रेगरी म्हणाला, "काकी, कार्ब्युरेटरवाल्याने फसवलं." भाऊ म्हणाले, "तू माप न घेता आणलास." मग त्या दोघांची जुंपली. मला आठवतं, ग्रेगरीला मी हळूच म्हटलं, "ईस्टर झाला की परत या." तो हसला. मी हसले की नाही, आठवत नाही.

ईस्टरनंतर तो आला तो अगदी वेगळा माणूस. हात स्थिर, चेहरा उजळ, येताना आमच्यासाठी केकही. नवा, म्हणजे दुसरा जुना, कार्ब्युरेटर बसवला. बारीक स्क्रू अर्धा अर्धा फिरवत कान लावून बसला. मग भाऊंना म्हणाला, "या, तुम्ही मारा किक."

भाऊंनी कॉक उघडला, चोक ओढला. हे त्यांना कुणी सांगायला लागलं नाही, पाण्याच्या इंजिनावर आयुष्यभर तेच केलेलं. किक मारली. गाडी खोकली. पुन्हा मारली आणि ती लागली. भडभड, भडभड, मध्येच अडखळत, मग जोर धरत. भाऊंनी चोक हळूहळू आत ढकलला. आवाज भरला, जाड झाला. विहिरीवरच्या इंजिनाचाच भाऊबंद वाटावा असा. भाऊंचा चेहरा मी बघत होते. त्यांना आनंद झाला होता आणि तो कुठे ठेवावा हे कळत नव्हतं.

आई दारात आल्या. पदर खांद्यावरून घट्ट ओढून उभ्या राहिल्या. शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाल्या, "हा कोण?" आणि आत गेल्या. भाऊंनी गाडी बंद केली. ग्रेगरीने हत्यारं गोळा केली, केकचा तुकडासुद्धा न खाता गेला.

त्यानंतर संध्याकाळी गाडी सुरू करायचं भाऊंनी सोडलं. पण नुसती ठेवली तर कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल चिकटून बसतं, म्हणून दिवसाआड सकाळी किक मारायचे. त्यातच त्यांचा गुडघा दुखावला, सुजून भोपळा झाला. मग त्यांनी मला पडवीतून शिकवलं. कॉक, चोक, किक. किक मारताना अंगाचा भार टाकायचा. "घाबरून मारलीस तर ती लाथ मारते," भाऊ म्हणाले. एकदा सुरू व्हायला लागली तशी मी ती वाडीतल्या पायवाटेवर चालवायला लागले. मला स्कूटर येत होती, गिअर नाही. भाऊ काठी टेकत मागून यायचे, "क्लच! अगं क्लच!" एकदा मी सरळ केळीच्या पाटात गेले. गाडी आडवी, मी चिखलात. भाऊ हसायला लागले. हेमंत गेल्यापासून पहिल्यांदाच ते हसले, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मी उठले, गाडी उचलली. कोपर सोललं होतं, ते मला दुसऱ्या दिवशी बाही घालताना कळलं.

मग बाजारात जायला लागले. मोगऱ्याच्या कळ्यांची टोपली मागे बांधून पहाटे आगाशीच्या नाक्यावर. मग विरारच्या दुकानापर्यंत, आतल्या रस्त्याने. गाडी मध्येच गळपटायची, उतारावर भडभडायची, आणि मी तिच्यावर बसून कशाचाच विचार करायची नाही. ताडगोळे विकणाऱ्या बायका रस्त्याच्या कडेला बसलेल्या असायच्या, बोंबलांचा वास वाऱ्यावर यायचा, ऊन तोंडावर मारायचं. सगळं दिसत होतं, ऐकू येत होतं. आत काही पोचत नव्हतं.

वैशाखाच्या शेवटी एका संध्याकाळी अशीच दुकानातून आले. आभाळ भरून आलं होतं आणि वारा सुटला होता. अंगणात शिरून मी कॉक बंद केला, उरलेलं पेट्रोल जळून जाईपर्यंत गाडी चालू ठेवली, भाऊंनी तसंच शिकवलं होतं. ती धापा टाकत बंद झाली. दार लोटलेलं होतं. स्वयंपाकघर पलीकडच्या बाजूला, तिथून अंगण दिसत नाही.

आतून आईंची हाक आली. "वैशाली, दोरीवरचे कपडे काढत ये गं. पाऊस पडेल."

मी तशीच उभी राहिले. आईंनी बाहेर पाहिलं नव्हतं. मी काही बोलले नव्हते. नुसती गाडी ऐकली होती त्यांनी, आणि माझं नाव घेतलं होतं. घरात गाडी एकच. इतकी वर्षं ती अंगणात शिरली की त्यांच्या तोंडून एकच नाव यायचं. आता ह्या भडभडीवर त्यांनी माझं नाव घातलं होतं, साधेपणाने, कपड्यांचं काम सांगता सांगता. त्यांनी ते कधी ठरवलं असेल, की ठरवलंच नसेल, देव जाणे.

मी दोरीकडे गेले. भाऊंचं धोतर काढलं, आईंचं लुगडं काढलं, माझे दोन ड्रेस काढले. दोरी संपली. आणखी कुणाचं काही नव्हतं तिच्यावर. कित्येक महिने नव्हतंच, रोज मीच तर कपडे काढत होते. पण हेमंत आता ह्या घरात येणार नाही, हे मला त्या संध्याकाळी कळलं. ते उन्हाने कडक झालेले कपडे तोंडावर धरून मी रडले. इतक्या जोरात की माझी मलाच भीती वाटली. पावसाचे थेंब पडायला लागले, कपडे भिजायला लागले, तरी मला हलता येईना.

"अगं, ऐकलंस का? भिजतील ना!" आईंनी पुन्हा हाक मारली.

"आले, आई," मी म्हटलं.